कागद, शाई आणि वाटखर्च : मध्ययुगीन चीनच्या संशोधनाला आपला हातभार

विद्वानाचे नाव इतिहासात राहते. त्याला कागद कोणी पुरविला, वाटखर्च कोणी दिला, त्याच्या ग्रंथाच्या नकला कोणी करवून घेतल्या, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही हाच प्रश्न मध्ययुगीन चीनच्या संदर्भात मांडणार आहोत. मध्ययुगीन चीन म्हणजे ढोबळमानाने इ.स.च्या तिसऱ्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंतचा काळ. तांग राजवंशाचा (इ.स. ६१८ ते ९०७) वैभवशाली कालखंड यातच येतो. या काळाच्या संशोधनाशी आपला काय संबंध आणि समाजकल्याणाचे काम करणाऱ्या संस्थेने त्याला हातभार का लावावा, याचा विचार सभासदांनी आणि विशेषतः विद्यार्थ्यांनी करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा अभ्यास आपला कसा?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. अस्पृश्यता केव्हा सुरू झाली, हा त्यातील एक मूलभूत प्रश्न आहे. तो सोडविताना बाबासाहेबांनी धर्मशास्त्रांबरोबरच फाहियान आणि ह्युएनत्संग या चिनी प्रवाशांच्या वृत्तांतांची साक्ष तपासली आणि इ.स. ४०० च्या सुमारास अस्पृश्यता उदयास आली, असा निष्कर्ष मांडला. म्हणजे आपल्या समाजाच्या इतिहासातील सर्वांत दुखऱ्या प्रश्नाचा पुरावा अंशतः चिनी भाषेत आहे. परंतु ती साक्ष बाबासाहेबांपुढे इंग्रजी भाषांतरातून आली होती. ह्युएनत्संगाच्या वृत्तांताचे फ्रेंच भाषांतर स्तानिस्लास ज्युलियाँ यांनी १८५७-५८ मध्ये, तर इंग्रजी भाषांतर सॅम्युएल बील यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९०४-०५ मध्ये थॉमस वॉटर्स यांचा ग्रंथ निघाला. त्याचा मोठा भाग आधीच्या भाषांतरांतील चुका दाखविण्यात खर्ची पडला आहे. साक्षीदार एकच, पण त्याचे म्हणणे काय होते याबद्दल दुभाष्यांत मतभेद! ज्याला मूळ चिनी वाचता येत नाही, त्याला यातला खरा दुभाषी कोण हे ठरविता येत नाही.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राचेच आहे. ह्युएनत्संग इ.स. ६४१ च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात आला. येथे सुमारे १०० संघाराम आणि ५,००० भिक्षू असल्याचे त्याने नोंदविले. डोंगरात कोरलेल्या एका विहाराचे वर्णन करून तो बांधविणाऱ्या अर्हताचे नावही त्याने दिले. हे वर्णन अजिंठ्याचे असावे असे अभ्यासक मानतात. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातील शिलालेखात स्थविर अचल यांचे नाव येते. चिनी अक्षरांतले ते नाव आणि शिलालेखातले हे नाव एकच का, हे ठरविण्यासाठी सातव्या शतकातील चिनी उच्चार जाणणारा आणि शिलालेख वाचणारा, असे दोघेही लागतात. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारचे अभ्यासक आहेत. पहिल्या प्रकारचे फारच थोडे.

याशिवाय भारतात मूळ रूपात लुप्त झालेले कितीतरी बौद्ध ग्रंथ आज केवळ चिनी भाषांतरात उरले आहेत. ते वाचणारे तयार झाले नाहीत तर ते आपल्यापुरते लुप्तच राहतील.

प्रवाशांच्या पाठीशी कोण होते?

ह्युएनत्संग एकटा निघाला हे खरे, पण केवळ एकट्याच्या बळावर पोहोचला नाही. वाटेत गाओछांग राज्याचा राजा छ्यू वनथाय याने त्याला आपल्याकडेच ठेवून घेण्याचा हट्ट धरला. ह्युएनत्संगाने अन्न वर्ज्य केले, तेव्हा राजा वरमला. पुढे त्याच राजाने त्याला २० वर्षे पुरेल एवढे सोने, चांदी आणि रेशीम, ३० घोडे, २५ सेवक आणि वाटेतील राज्यांसाठी २४ पत्रे दिली, असे ह्युएनत्संगाच्या चरित्रात सांगितले आहे. इ.स. ६४५ मध्ये तो परतल्यावर सम्राट थायत्सुंग याने त्याला भाषांतराची व्यवस्था करून दिली. तेथे मूळ वाचणारे, लिहून घेणारे, भाषा शुद्ध करणारे आणि अर्थ पडताळणारे असे अनेक सहायक बसत. त्या श्रमातून ७५ ग्रंथ चिनी भाषेत आले.

इत्सिंगची कथा अधिक बोधप्रद आहे. इ.स. ६७१ मध्ये तो क्वांगचौ बंदरातून समुद्रमार्गे निघाला. त्याचा वाटखर्च फंग श्याओच्युआन नावाच्या एका प्रांताधिकाऱ्याने आणि त्याच्या कुटुंबीयांनी उचलला होता. इत्सिंग नालंदेत अनेक वर्षे शिकला आणि परतताना सुमात्रा बेटावरील श्रीविजय येथे ग्रंथांचे काम करीत राहिला. तेथे त्याचे काम कशाने अडले? कागद आणि शाईने! इ.स. ६८९ मध्ये कागद, शाई आणि लेखनिकांची मजुरी मागणारे पत्र देण्यासाठी तो एका जहाजावर चढला. तेवढ्यात वारा अनुकूल झाला, जहाज सुटले आणि इत्सिंग अनपेक्षितपणे क्वांगचौला जाऊन पोहोचला. त्याच वर्षी मदतनीस घेऊन तो पुन्हा श्रीविजयला परतला. नालंदेत शिकलेला, संस्कृतात पारंगत झालेला पंडितही कागदावाचून खोळंबला, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

तुनह्वांगची गुहा

चीनच्या वायव्य सीमेवर तुनह्वांग हे व्यापारी मार्गावरचे ठाणे. तेथील लेण्यांत १९०० साली वांग युआनलू या ताओपंथी साधूला भिंतीआड बंद केलेली एक लहान खोली सापडली. अकराव्या शतकाच्या आरंभी ती बंद झाली असावी. आत ४०,००० हून अधिक हस्तलिखिते होती. बहुतेक चिनी, शिवाय तिबेटी, संस्कृत, खोतानी, सोग्दी, उइगुर अशा अनेक भाषांतली.

१९०७ मध्ये ऑरेल स्टाइन तेथे पोहोचले. त्यांच्या मोहिमेचा खर्च ब्रिटिश म्युझियम आणि तत्कालीन हिंदुस्थान सरकार यांनी मिळून केला होता. म्हणूनच तेथील काही रेशमी चित्रे आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. स्टाइन यांना चिनी वाचता येत नव्हते, त्यामुळे त्यांनी नेलेल्या गुंडाळ्यांत एकाच सूत्राच्या अनेक प्रती निघाल्या. १९०८ मध्ये आलेल्या पॉल पेलिओ यांना चिनी उत्तम येत होते. त्यांनी खोलीत बसून एकेक गुंडाळी पाहिली आणि दुर्मीळ तेवढे निवडले. हे सारे ग्रंथ अल्प मोबदल्यात देशाबाहेर गेले, याची खंत चिनी अभ्यासकांना आजही आहे आणि ती रास्तही आहे. मात्र विद्यार्थ्यांनी यातून एक धडा घ्यावा : भाषेचे ज्ञान असणारा आणि नसणारा एकाच खोलीतून वेगवेगळे धन घेऊन बाहेर पडतात.

याच खोलीत वज्रच्छेदिका सूत्राची इ.स. ८६८ ची छापील प्रत मिळाली. तारीख असलेले जगातील सर्वांत जुने संपूर्ण छापील पुस्तक ते हेच. वांग ज्ये नावाच्या माणसाने आपल्या आईवडिलांच्या नावे, सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी ते करविले, अशी नोंद शेवटी आहे. हा वांग ज्ये कोण होता हे इतिहासाला ठाऊक नाही. त्याची एवढीच ओळख उरली की त्याने ग्रंथ वाटला.

तेल, पीठ आणि धान्य

तुनह्वांगच्या खोलीतील केवळ सूत्रेच मोलाची आहेत असे नाही. वापरलेल्या कागदांच्या पाठीवर करार, हिशेब, पत्रे लिहिलेली आढळली. त्यांतून तेथील सामान्य लोकांची मंडळे उजेडात आली. चिनी भाषेत अशा मंडळाला ‘श’ म्हणत. सभासदाच्या घरी मृत्यू झाला की घरोघर फिरणारे पत्रक निघे. कोणी काय आणायचे आणि कोठे जमायचे हे त्यात लिहिलेले असे. ज्याने पत्रक वाचले त्याने आपल्या नावाखाली खूण करून ते पुढे पाठवायचे. उशिरा येणाऱ्याला आणि गैरहजर राहणाऱ्याला दंड!

यांत इ.स. ९५९ मधील एका महिला मंडळाचे नियमपत्रही आहे. त्या स्त्रियांनी प्रत्येकीने तेल, पीठ आणि धान्य किती द्यायचे हे ठरवून घेतले होते. आपल्या वस्त्यांत दुःखाच्या प्रसंगी वर्गणी काढणाऱ्या आणि भिशी चालविणाऱ्या मायभगिनींना यात परके असे काय वाटेल? ही मंडळांची कागदपत्रे निंग ख आणि हाओ चुनवेन यांनी एकत्र संपादित करून १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. फाटके कागद वर्षानुवर्षे वाचणारे कोणी नसते, तर राजांची नावे राहिली असती आणि या स्त्रिया पुसल्या गेल्या असत्या. ज्यांचा इतिहास लिहिला गेला नाही, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आजचे कागद आणि शाई

आज संशोधकाला लागणाऱ्या वस्तू बदलल्या, गरज तीच राहिली. तुनह्वांगची हस्तलिखिते लंडन, पॅरिस, बीजिंग, सेंट पीटर्सबर्ग अशी विखुरलेली आहेत. त्यांची छायाचित्रे एकत्र आणण्यासाठी १९९४ साली ब्रिटिश लायब्ररीत आंतरराष्ट्रीय तुनह्वांग प्रकल्प सुरू झाला. दात्याने एखाद्या सूत्राचे पालकत्व घेऊन त्याच्या छायाचित्रणाचा भार उचलावा, अशी योजनाही त्याने राबविली. वर सांगितलेल्या वज्रच्छेदिकेच्या जतनाचे काम सुमारे सात वर्षे चालून २०१० मध्ये पूर्ण झाले. चिनी त्रिपिटकाची तैशो आवृत्ती टोकियोत १९२४ ते १९३४ या काळात छापली गेली. तैपेई येथे १९९८ साली स्थापन झालेल्या संस्थेने चिनी त्रिपिटक संगणकावर आणून सर्वांना विनामूल्य खुले केले, तेही देणग्यांच्या आधारे. वांग ज्येची परंपरा अशी चालू आहे.

महाराष्ट्रातही या मार्गावर पाऊल पडले आहे. धर्मानंद कोसंबी यांचे शिष्य आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील पालीचे प्राध्यापक पु. वि. बापट यांनी चिनी भाषा आत्मसात केली. विनयाच्या ‘समन्तपासादिका’ या अट्ठकथेचे चिनी रूपांतर इ.स. ४८९ मध्ये संघभद्राने केले होते. त्याचे इंग्रजी भाषांतर बापट यांनी जपानी विद्वान अकिरा हिराकावा यांच्या सहकार्याने केले. ते १९७० मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केले. पाली आणि चिनी शेजारी ठेवून वाचणारा अभ्यासक मराठी मातीत तयार होऊ शकतो, याचा हा पुरावा आहे.

देणाऱ्याचे पथ्य

मदत करताना एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. निष्कर्ष देणाऱ्याने ठरवायचा नसतो. तुनह्वांगचेच कागद सांगतात की तेथील विहार शेतकऱ्यांना धान्य व्याजाने देत. फ्रेंच विद्वान झाक जेर्ने यांनी १९५६ मध्ये विहारांच्या या आर्थिक व्यवहारांवर ग्रंथ लिहिला. तो वाचून आपल्याला अवघडल्यासारखे वाटेल; पण म्हणून तो झाकायचा नाही. कोणी सांगितले म्हणून स्वीकारू नका, पारखून घ्या, हा कालामांना दिलेला उपदेश संशोधनालाही लागू आहे. छ्यू वनथाय राजाने हट्ट सोडला आणि मग दान दिले, म्हणून त्याचे दान फळाला आले.

आपण काय करू शकतो?

अभिजात चिनी भाषा दोन-चार महिन्यांत येत नाही. आजची बोली चिनी शिकूनही सातव्या शतकातील ग्रंथ वाचता येत नाही. त्यासाठी वेगळा आणि अनेक वर्षांचा अभ्यास लागतो. म्हणून एखाद्या पदवीधर विद्यार्थ्याला एकदा शाल, श्रीफळ आणि पाकीट देण्यापेक्षा सलग चार-पाच वर्षे शुल्क, पुस्तके आणि राहण्याचा खर्च देणे अधिक उपयोगी. संस्थेच्या ग्रंथालयात चिनी-संस्कृत कोश आणि प्रवासवृत्तांतांची एकाहून अधिक भाषांतरे ठेवावीत, म्हणजे वाचकाला ताडून पाहता येईल. हस्तलिखितांच्या जतनासाठी सर्वांनी मिळून वार्षिक वर्गणी काढता येईल. विद्यार्थ्यांनी पालीबरोबर चिनीचा विचार करावा आणि ह्युएनत्संगाचा दाखला देताना तो कोणाच्या भाषांतरातून घेतला हे नेहमी लिहावे. याला पैसा लागत नाही.

आणि पालकांना आमची विशेष विनंती आहे. मुलगी म्हणाली की मला जुनी चिनी भाषा शिकायची आहे, तर ‘त्याने नोकरी मिळेल का?’ हा प्रश्न अवश्य विचारा, कारण तो खोटा नाही. पण तेवढ्यावर थांबू नका. तिचा वाटखर्च आपण सर्वांनी मिळून उचलता येईल का, हा दुसरा प्रश्न संस्थेच्या सभेत मांडा. आपल्या पूर्वजांबद्दलची साक्ष परक्या लिपीत शेकडो वर्षे पडून आहे. ती आपल्याच घरातल्या कोणी तरी वाचावी, यासाठी प्रत्येकाने थोडे तेल, थोडे पीठ, थोडे धान्य द्यायचे आहे.