अमेरिकन इंग्रजीतील प्रादेशिक भेद : शब्द, उच्चार आणि अस्मिता

छापील मजकुरात अमेरिकन इंग्रजी बरीचशी एकरूप दिसते. दैनंदिन बोलण्यात मात्र ती अनेक प्रदेशांत विभागलेली आहे. हे भेद म्हणजे प्रमाणभाषेपासून झालेली घसरण, की बोलणाऱ्या समाजाची अर्थपूर्ण निवड, हा येथे मूलभूत प्रश्न आहे.

प्रथम शब्दभेदांचा विचार करू जाता हान्स कुराथ यांचा १९४९ साली प्रसिद्ध झालेला, पूर्वेकडील राज्यांच्या शब्दभूगोलाचा ग्रंथ महत्त्वाचा ठरतो. बादलीला उत्तरेत ‘पेल’, तर दक्षिणेत ‘बकेट’. चतुर या कीटकाला उत्तरेत ‘डार्निंग नीडल’ म्हणजे रफूची सुई, तर दक्षिणेत ‘स्नेक डॉक्टर’ म्हणजे सापांचा वैद्य. अशा शब्दांच्या सीमारेषा राज्यांच्या सीमांपेक्षा जुन्या वसाहतकारांच्या स्थलांतरमार्गांशी अधिक जुळतात.

उच्चारभेदांना केवळ भूगोल पुरेसा पडत नाही, हे विल्यम लबॉव्ह यांनी दाखवून दिले. मार्थाज व्हिनयार्ड या बेटावरील त्यांचा अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध झाला. उन्हाळी पर्यटकांच्या वाढत्या वर्चस्वाने अस्वस्थ झालेले बेटवासी, विशेषतः चिलमार्कचे मच्छीमार, ‘राइट’, ‘हाउस’ यांतील संयुक्त स्वर जुन्या वळणाने उच्चारीत होते. बेटाविषयी आत्मीयता जितकी अधिक, तितका हा उच्चार ठळक. येथे उच्चार हेच ‘बेट आमचे आहे’ असे सांगण्याचे साधन झाले होते.

न्यूयॉर्कमध्ये त्यांनी १९६२ साली तीन दुकानांतील कर्मचाऱ्यांना चौथ्या मजल्यावरील विभागाचा पत्ता विचारला. ‘फोर्थ फ्लोअर’ या उत्तरातील ‘र’ उच्चभ्रू दुकानात सर्वाधिक, तर स्वस्त दुकानात सर्वांत कमी ऐकू आला. परंतु इंग्लंडमध्ये याच स्थानी ‘र’ गाळणे प्रतिष्ठेचे समजले जाते. अर्थात, प्रतिष्ठा ध्वनीत नसून तो उच्चारणाऱ्या वर्गाच्या सामाजिक स्थानात असते.

यावरून ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे शेरे भाषेपेक्षा भाषकांवरच अधिक मारलेले असतात, असे म्हणता येते. मराठी बोलींच्या अभ्यासकालाही हा निष्कर्ष उपयुक्त आहे. बोलीतील रूपांची केवळ नोंद पुरेशी नाही. ते रूप कोण, कोणासमोर व कशासाठी राखतो, हेही तपासले पाहिजे.