माथेरानचा शोध कोणी लावला?

खालापूर तालुक्यातलं चौक गाव आपल्याला ठाऊक आहे. १८५० सालच्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब तिथून समोरच्या डोंगरावर चढले. वर दाट झाडी होती, हवा गार होती. साहेबांना जागा आवडली. पुढं तिथं बंगले झाले. १९०७ साली नेरळहून छोटी गाडी वर गेली. पुस्तकांत लिहिलं गेलं, माथेरानचा शोध मॅलेटसाहेबांनी लावला.

पण मंडळी, डोंगर काय हरवला होता? ठाकर, कातकरी, धनगर त्या रानात आधीपासून वावरत होते. झरा कुठं, वाट कुठं, खाण्याजोगा कंद कोणता, हे त्यांना पाठ होतं. पण त्यांनी ते लिहून ठेवलं नव्हतं. नाव राहिलं ते लिहिणाऱ्यांचं.

त्याच काळात जगाच्या उत्तर टोकाला काय घडलं ते पाहू. तिथं समुद्र गोठतो. हिवाळ्यात कित्येक दिवस सूर्य उगवत नाही. अशा मुलखात इनुइट लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत.

१८४५ साली फ्रँकलिन नावाचे इंग्रज दर्यावर्दी बर्फातून नवी वाट शोधायला निघाले. दोन जहाजं होती, १२९ माणसं होती. जहाजं बर्फात अडकली. त्यांतला एकही माणूस घरी परतला नाही.

१८५४ साली डॉक्टर जॉन रे यांनी इनुइटांकडं चौकशी केली. ती माणसं कशी उपाशी मेली, ते इनुइटांनी सांगितलं. लंडनमध्ये पुष्कळांना ते पटलं नाही. पण इनुइटांनी त्या आठवणी मुलानातवंडांना सांगून जपल्या. २०१४ साली एक जहाज समुद्राच्या तळाशी सापडलं. इनुइटांच्या आठवणीत होता, त्याच भागात!

अमुंडसेन नावाच्या नॉर्वेच्या माणसानं मात्र वेगळं केलं. १९०३ ते १९०५ तो इनुइटांच्या शेजारी राहिला. कातड्याचे कपडे कसे वापरावे, कुत्र्यांची गाडी कशी हाकावी, हे त्यांच्याकडून शिकला. १९११ साली दक्षिण ध्रुवावर सर्वांत आधी तोच पोचला.

अक्षर न येणारा माणूस अडाणी नसतो. त्याचं ज्ञान तोंडी असतं, एवढंच. आता आपल्या हाती लेखणी आली आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारू या. झऱ्यांची, वाटांची, झाडपाल्याची माहिती आपणच लिहून ठेवू या.

प्रश्न :
१. मॅलेटसाहेबांच्या आधी माथेरानच्या रानात कोण वावरत होते?
२. अमुंडसेन इनुइटांकडून काय शिकला?
३. तुमच्या गावच्या एका झऱ्याविषयी चार ओळी लिहा.