कोलमडलेल्या कर्नलची नोंदवही

प्रश्न : कर्नल 5.10 वर नेल्यापासून ‘क्रॅश’ या साधनाला डंपमधील लॉग वाचता येत नाही. दोष कोठे असावा? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कोलमडताना स्मृतीची जी प्रत जतन होते तिला डंप म्हणतात; तो वाचणारे साधन गाभ्यातील रचनांच्या नावांवर विसंबून असते. डिसेंबर 2020 मधील 5.10 मध्ये लॉगच्या, म्हणजे गाभ्याच्या संदेशांच्या, वर्तुळाकार साठ्याची मांडणीच बदलल्यामुळे जुने साधन अस्तित्वात नसलेली रचना शोधत राहते. डंप, सुदैवाने, बहुधा शाबूत असतो. तेव्हा साधनाची नवी आवृत्ती घ्यावी; स्वतः दुरुस्ती करायची झाल्यास ‘पीआरबी’ हे नव्या साठ्याचे चिन्हनाव आढळले तरच नवी मांडणी वाचावी, आणि जुनी वाट मात्र पुसू नये, कारण जुने डंपही कधीतरी उघडावे लागतात.