ट्रकचे इंजिन तापते : दोष कोठे शोधावा?

आंब्याच्या हंगामात रत्नागिरीकडून कोल्हापूरच्या बाजारात माल न्यायचा म्हणजे आंबा घाट चढावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांतील ऊन, भरलेली गाडी आणि खालच्या गिअरमधील चढण. जुन्या ट्रकची खरी परीक्षा येथेच होते. सपाटीवर महिनोन् महिने बिनतक्रार चाललेली गाडी अर्ध्या घाटात वाफ सोडते. पेट्यांतील फळ तापत राहते, लिलावाची वेळ चुकते आणि घाईत गार पाणी ओतल्यामुळे हेड तडकले तर हंगामाची मिळकत गॅरेजमध्ये जाते.

टाटा 407 ही गाडी 1986 साली बाजारात आली. तेव्हापासून अनेक बागायतदारांनी एकट्याने किंवा दोघा-तिघांत मिळून जुन्या गाड्या घेतल्या आहेत. अशी गाडी तापू लागली की बहुतेक जण एकतर रेडिएटर साफ करून आणतात, नाहीतर थर्मोस्टॅट काढून टाकतात. दोष तेथे असेल तर ठीक, नसेल तर पैसा जातो आणि दोष राहतो. पुढील तपासणीपैकी बरीचशी आपण स्वतः घरी करू शकता.

रस्त्यात गाडी तापल्यास

काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागताच गाडी कडेला घ्या, चाकामागे दगड लावा आणि न्यूट्रलमध्ये इंजिन थोड्या रेसवर दोन-तीन मिनिटे चालू ठेवा. इंजिन एकदम बंद केले तर पाणी फिरायचे थांबते आणि हेडमधील उष्णता तेथेच कोंडते. मात्र फॅन बेल्ट तुटला असेल, होज फुटून पाणी गेले असेल किंवा ऑइलचा दिवा लागला असेल, तर इंजिन ताबडतोब बंद करावे.

रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नका. झाकणातील स्प्रिंग पाण्याला दाबाखाली ठेवते. दाब अर्धा बार असेल तर 100 अंश सेल्सिअसला उकळणारे पाणी सुमारे 111 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडले की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. किमान अर्धा तास थांबा, वरचा होज हाताला सोसेल इतका निवला की जाड फडके टाकून झाकण सावकाश सैल करा. पाणी भरताना इंजिन चालू ठेवून थोडे थोडे ओता.

याच झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग ढिली पडली तर उलट प्रकार होतो. सह्याद्रीच्या माथ्यावर, सहाशे-सातशे मीटर उंचीवर, बिनदाबाचे साधे पाणी सुमारे 98 अंशांवरच उकळते. म्हणजे इंजिन निर्दोष असूनही गाडी घाटमाथ्यावर पाणी फेकते. झाकण हा सर्वांत स्वस्त भाग आहे, म्हणून तपासणी तेथून सुरू करावी. नवे घेताना जुन्यावर कोरलेला दाबाचा आकडा पाहून तोच घ्यावा, जास्त दाबाचे बसवल्यास जुना रेडिएटर फुटतो.

काटा खरे सांगतो काय?

जुन्या गाड्यांत विजेवर चालणाऱ्या काट्याची वायर घासून बॉडीला टेकली तर काटा थेट लाल पट्ट्यावर जातो. चावी लावताच, थंड इंजिनावरच काटा वर गेला तर दोष वायरचा आहे, इंजिनाचा नाही. याहून धोक्याची गोष्ट वेगळीच आहे. पाणी इतके कमी झाले की सेन्सर कोरडा पडला, तर इंजिन भाजत असतानाही काटा खाली दिसू शकतो. म्हणून चढणीवर काटा अचानक खाली आला तर समाधान मानू नका, थांबून पाहा.

केव्हा तापते, हे आधी ठरवा

दोष शोधण्याचा सर्वांत उपयोगी प्रश्न हाच आहे. मेकॅनिककडे जाण्यापूर्वी दोन-तीन फेऱ्यांत याची नोंद वहीत करून ठेवावी.

गाडी उभी असताना किंवा बाजारातील गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेताच काटा खाली येतो, असे असेल तर हवा कमी पडते आहे. वेगात वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला तो फॅननेच द्यावा लागतो. बेल्ट पाहा. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यास साधारण 10 ते 15 मिलिमीटर दबावा. ऑइल लागलेला किंवा कडेला चकाकी आलेला बेल्ट घट्ट असूनही घसरतो. फॅनभोवतीचे पत्र्याचे कडे मोडले म्हणून काढून ठेवलेले असते, ते परत बसवा, कारण त्याच्याशिवाय फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी तीच तीच हवा घुसळत राहतो.

सपाटीवर ठीक आणि भरलेल्या चढणीवरच तापते, तर बहुधा रेडिएटरची ताकद कमी झाली आहे. आधी बाहेरून पाहावे. उसाचे पाचट, भुसा, धूळ आणि किडे जाळीत बसतात. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने आणि बेताच्या दाबाने मारावे. पुढून मारल्यास कचरा आणखी आत जातो आणि धुलाई केंद्रावरील जोरदार पंपाने पातळ पापुद्रे वाकून वाट बंद होते.

आतील क्षार ही मोठी अडचण आहे. देशावरील बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे घातलेल्या गाडीच्या रेडिएटरमध्ये आणि सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या वाटेत किटलीत धरते तसा थर धरतो. हा थर उष्णता सहज जाऊ देत नाही. जुनी गाडी घेताना ती कोठे चालली आणि तिच्यात कोणते पाणी घातले जात होते, हे विचारून घ्यावे. विक्रेता सांगणार नाही, पण रेडिएटरच्या तोंडातून बॅटरी मारली की वरच्या टाकीतील पांढरा किंवा तांबूस थर सर्व सांगतो.

रेडिएटर चोंदला आहे काय, हे पाहण्यासाठी इंजिन चांगले गरम करून बंद करावे, फॅन थांबल्यावर जाळीच्या पुढील बाजूने हात जपून फिरवावा. मध्येच थंड पट्टे लागले तर तेथील नळ्या बंद आहेत. दुसरी चाचणी थंड गाडीवर करावी. वरचा व खालचा होज काढून बादलीने वरून भरभर पाणी ओतावे. जितक्या वेगाने ओततो तितक्या वेगाने ते खालून पडले पाहिजे. वर तुंबत असेल तर उलट दिशेने पाणी सोडून धुवावे. तेवढ्याने न निघाल्यास रेडिएटरवाल्याकडून टाक्या उघडून नळ्यांत सळई घालून घ्यावी.

चढणीवर तापण्याचे एक कारण हमखास नजरेतून सुटते. खालचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. तो मऊ पडला किंवा त्याच्या आतील स्प्रिंग गंजून गेली, तर रेस वाढवल्यावर तो आत ओढला जाऊन चपटा होतो. गाडी उभी असताना तो अगदी चांगला दिसतो. गरम इंजिनावर एकाने रेस द्यावी आणि दुसऱ्याने होजकडे पाहावे, हात मात्र फॅनपासून दूर ठेवावेत.

थंड गाडी सुरू केल्यापासून काही मिनिटांतच काटा वर जात असेल, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला आहे, पाण्यात हवा अडकली आहे, पंप पाणी ढकलत नाही किंवा हेड गॅस्केट गेले आहे. इंजिन तापूनही वरचा होज थंडच राहिला तर पहिला संशय थर्मोस्टॅटवर घ्यावा. तो काढून दोऱ्याने पातेल्यातील पाण्यात टांगा व पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे. बिघडला असेल तर बदला, पण काढून फेकू नका. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन थंडच चालते, डिझेल जास्त लागते आणि झीज वाढते. काही इंजिनांत उघडलेला थर्मोस्टॅट पाण्याची आडवाट बंद करतो. तो नसेल तर बरेच पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच गरम परत येते आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते.

पंपाखालच्या लहान भोकातून पाणी ठिबकत असेल किंवा फॅन हाताने हलवल्यास खडखडत असेल, तर पंप उतरवावा.

हेड गॅस्केटची परीक्षा

थंड इंजिन सुरू करताच एक-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक होणे, बाहेर गळती नसताना पाणी कमी होणे, ऑइल दुधाळ चहासारखे दिसणे, ही लक्षणे आहेत. खात्रीसाठी थंड गाडीचा फॅन बेल्ट काढा, रेडिएटर काठोकाठ भरा, झाकण उघडे ठेवून इंजिन जेमतेम मिनिटभर चालवा. पंप बंद असल्याने पाणी शांत असले पाहिजे. सारखे बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरतो आहे.

मात्र लगेच हेड उघडायला सांगू नका. एअर ब्रेकच्या ज्या ट्रकांत कॉम्प्रेसरचे हेड इंजिनाच्या पाण्याने थंड होते, तेथे कॉम्प्रेसरचे गॅस्केट गेले तरी असेच बुडबुडे येतात. कॉम्प्रेसर त्याच बेल्टवर नसेल तर वरील चाचणीतही तो चालूच असतो. म्हणून त्याच्या पाण्याच्या दोन्ही नळ्या काढून इंजिनाकडील तोंडे बंद करा आणि मिनिटभराची चाचणी पुन्हा घ्या. बुडबुडे थांबले तर लहानसे काम आहे. हेड उतरवावेच लागले तर ते सपाट आहे काय, हे पट्टी लावून पाहिल्याशिवाय नवे गॅस्केट बसवू देऊ नका.

पाण्याचे सर्व नीट असूनही गाडी तापते, असेही होते. पंपाचे टायमिंग मागे पडणे, डिझेल जास्त सोडल्यामुळे काळा धूर येणे, एअर फिल्टर चोंदणे ही कारणे पाहावीत. पाच-सात किलोमीटर चालून थांबल्यावर प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात न्या. एकच हब फार गरम लागला तर ब्रेक चिकटतो आहे आणि इंजिन तो भार विनाकारण ओढते आहे.

दुरुस्तीनंतर पुन्हा बोअरचे पाणी घालू नका. डिस्टिल्ड किंवा गाळलेले पावसाचे पाणी घ्या आणि त्यात डब्यावरील प्रमाणानुसार कूलंट मिसळा. नुसत्या मऊ पाण्याने क्षार धरत नाहीत, पण गंज चढतोच. हे कूलंट विषारी असून चवीला गोड असते, त्यामुळे जनावरे व कुत्री ते पितात. काढलेले जुने कूलंट गोठ्याजवळ, विहिरीजवळ किंवा उघड्या बादलीत ठेवू नये, झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे.