चंद्रावरील पाऊल : एका संशयाची चिकित्सा

माणूस चंद्रावर गेलाच नाही, असे एकदा मी वसतिगृहात ठासून सांगितले होते. जेथे हवा नाही तेथे ध्वज फडकेल कसा, हा माझा हुकमी मुद्दा. टाळ्याही मिळाल्या. पुढे इतिहासाच्या तासाला साधनांची चिकित्सा शिकलो, तेव्हा तीच कसोटी स्वतःच्या भाषणास लावावी असे वाटले.

ध्वजाचे उत्तर अगदीच साधे निघाले. त्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी होती. अपोलो ११ च्या वेळी ती पुरती लांबवता आली नाही, म्हणून कापडाला चुण्या राहिल्या. त्या चुण्यांनाच मी फडकणे म्हणत होतो!

मग साक्षीदार कोण, ते पाहिले. या संशयाचा गाजलेला ग्रंथ बिल केसिंग यांनी १९७६ साली स्वतःच छापला. अपोलोची इंजिने बनविणाऱ्या रॉकेटडाइन कंपनीत ते तांत्रिक लेखक होते, म्हणून त्यांना ‘आतला माणूस’ मानतात. परंतु त्यांनी ती नोकरी १९६३ सालीच सोडली होती, आणि चंद्रावर पाऊल पडले ते जुलै १९६९ मध्ये. बखरकार घटनेपासून किती दूर होता, हे आपण विचारतोच ना?

चंद्रावर ठेवलेल्या आरशांवरून लेसर किरण परत येतात, हा पुरावा मला प्रथम निर्णायक वाटला. तथापि सोव्हिएत संघाच्या निर्मनुष्य लुनोखोद गाड्यांवरही तसे आरसे होते. तेव्हा केवळ आरशांवरून माणूस गेल्याचे सिद्ध होत नाही.

मला खरी वजनदार वाटते ती प्रतिपक्षाची साक्ष. त्याच जुलैत सोव्हिएतांचे लूना १५ हे यान चंद्राभोवती फिरत होते. ते २१ जुलैला तेथेच कोसळले. १९७० साली लूना १६ ने सुमारे १०० ग्रॅम चांद्रमाती आणली. अपोलोच्या सहा मोहिमांनी ३८२ किलो दगडमाती आणली होती. १९७१ मध्ये दोन्ही देशांनी नमुन्यांची देवघेव केली. म्हणजे पडताळून पाहण्याचे साधन प्रतिस्पर्ध्याच्या हाती होते, आणि लबाडी उघडी पाडण्यात त्याचा केवढा लाभ होता!

एक गोष्ट मात्र संशयवाद्यांच्या बाजूने नोंदलीच पाहिजे. अपोलो ११ च्या प्रक्षेपणाच्या मूळ फिती नासाने पुसून पुन्हा वापरल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही बेफिकिरी अक्षम्यच वाटणार. सुदैवाने त्याच प्रक्षेपणाच्या अन्य प्रती उपलब्ध आहेत.

आपल्या चांद्रयान-२ च्या परिभ्रमकाने टिपलेल्या छायाचित्रात ‘ईगल’चा तेथेच राहिलेला खालचा भाग दिसतो. टाळ्या वाजविणाऱ्या मित्राला ते दाखविले. त्याने ते बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, “मग आकाशात तारे का दिसत नाहीत?” उन्हाने उजळलेल्या जमिनीसाठी कॅमेरा बेतला की अंधुक तारे उमटत नाहीत, हे समजावता समजावता जेवणाची घंटा झाली.