स्मृति-चिपची परीक्षा

जुना संगणक बंद पडला, तर दोष कित्येकदां एका चिपचाच असतो. ती कशी तपासावी तें आम्ही येथें सांगतों.

१९८२ सालीं निघालेल्या कमोडोर ६४ संगणकांत ४१६४ जातीच्या आठ स्मृति-चिप्स असत. प्रत्येक चिपमध्यें ६५,५३६ घरें. एकेका घरांत शून्य किंवा एक एवढेंच राहतें. आर्डुइनोसारखा लहान मायक्रोकंट्रोलर प्रत्येक घरांत शून्य लिहून वाचतो. मग एक लिहून वाचतो. शून्यावरच थांबल्यास, सदैव शून्य सांगणारें बिघडलेलें घरही उत्तीर्ण ठरेल!

घरांतील विद्युद्भार गळत असतो. तो दर कांहीं सहस्रांश सेकंदांनीं ताजा न केल्यास निर्दोष चिपही नापास ठरूं शकेल.

विद्यार्थिमित्रहो, ज्याची परीक्षा घ्यावयाची, त्याचा स्वभाव आधीं जाणावा.