नैसर्गिक वायू : निळी ज्योत आणि युरियाचं पोतं

‘गॅस’ म्हटलं की स्वयंपाकघर आठवतं. पण सिलिंडरमध्ये असतो प्रोपेन-ब्युटेन. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, जो घरात पाइपने येतो. अशी जोडणी देशात एक कोटीहून अधिक घरांना मिळाली आहे. तरीही २०२३-२४ चे आकडे मी चाळले, तेव्हा वेगळंच चित्र दिसलं.

सर्वात मोठा ग्राहक खत उद्योग. वाटा सुमारे ३० टक्के. तिथे मिथेनची वाफेशी अभिक्रिया करून हायड्रोजन काढतात. त्यापासून अमोनिया, मग युरिया. आपल्या अलिबागजवळ थळला हेच चालतं. शहरी वितरणाचा वाटा साधारण एक पंचमांश, त्यातही निम्म्याहून अधिक सीएनजी वाहनांना. वीजनिर्मिती मात्र मागे पडली. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-६ क्षेत्रात २००९ मध्ये उत्पादन सुरू झालं, पण थोड्याच वर्षांत घसरलं आणि कित्येक वायू-वीज केंद्रं थंडावली.

देशाला लागणारा जवळपास निम्मा वायू आयात होतो, तोही उणे १६० अंशांच्या आसपास थंड करून, द्रवरूपात, जहाजाने. परदेशात भाव भडकला की युरियाच्या अनुदानाचा बोजा वाढतो. म्हणून मला वाटतं, शेतात वाया जाणारा युरिया वाचवणं हीसुद्धा वायूबचतच. भावी अभियंत्यांनो, पटतंय ना?